खारूनं केलेला बाबा

जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्याला वरून आपलाच खोकला ऐकू आला. घसा खाकरून मग छोटासा ‘हं’. आणि त्यापाठोपाठ, “हां, म्हणजे… बघू.” आवाज जरा पातळ होता, पण बोलण्याची ढब शंभर टक्के त्याची. तो कठड्याला धरून तिथेच थांबला. तो खाली, आवाज वर, असं कसं होईल, असा एक खुळा विचार मनात येऊन गेला. वर मुलं खदखदून हसली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सुट्टीतलं नाट्यशिबिर चाललं होतं आणि तो कचेरीतून परत जाताना मुलीला न्यायला आला होता; रोजच्यापेक्षा थोडा लवकर, एवढीच काय ती चूक. दाराला पूर्वी कडी होती, तिथे आता नुसतं भोक होतं, त्यामुळे दार नीट लागत नसे. त्या फटीतून त्यानं पाहिलं. पोरं गोल करून जमिनीवर बसली होती आणि मधोमध एका खुर्चीच्या अर्ध्याच भागावर त्याची चौदा वर्षांची मुलगी बसली होती, म्हणजे तो बसला होता. नाकावर नसलेला चष्मा तिनं अंगठ्याच्या मागच्या बाजूनं वर सरकवला. टेबल नव्हतं, पण त्यावर करंगळीपासून सुरू करून बोटं वाजवली. मग नसलेला फोन वाजला, तशी ती ताडकन उठून उभी राहिली, शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि फोनमध्ये म्हणाली, “हॅलो, हो, बोलतोय, बोला, हां… बघू.” शिबिराच्या ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. त्या डोळे पुसत हसत होत्या.

तो पाय न वाजवता खाली उतरला. खाली वर्तमानपत्रं वाचायच्या लांब टेबलाशी जाऊन उगाच एक पान उलटलं आणि थोड्या वेळानं मुद्दाम पाय आपटत, किल्ल्या खुळखुळवत पुन्हा वर गेला. तोवर ती खारू झाली होती, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दारात उभी. खारू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी ठरायची नाही आणि खाताना दोन्ही हातांत धरून खायची म्हणून. “आज लवकर आलास?” तिनं विचारलं. “आत्ताच येतोय,” तो म्हणाला, आणि त्याला वाटलं, हे किती वाईट म्हटलं आपण. खरं बोलणारा माणूस असं म्हणतच नाही.

रस्त्यानं ती नेहमीसारखी पुढेमागे उड्या मारत चालत होती. “आज काय काय केलं?” त्यानं विचारलं. “काही नाही. श्वासाचे व्यायाम. मग सगळ्यांनी पाण्यात चालल्यासारखं चालायचं. मग असंच इकडचं तिकडचं.” “इकडचं तिकडचं म्हणजे?” “बाबा! आत्ताच सांगितलं तर मजा जाते. प्रयोगाला ये आणि बघ. येशील ना?” त्याच्या ओठांवर ‘बघू’ आलंच होतं. तो शब्द त्यानं अर्ध्यात पकडला, गिळला, तर घशात खोकला आला. तोही आता त्याचा एकट्याचा राहिला नव्हता. शेवटी तो नुसता मान हलवत राहिला. आपण मान अशीच हलवतो का, हे त्याला माहीत नव्हतं. फुटपाथवर दुकानांच्या काचा होत्या, औषधांचं दुकान, चावीवाला, केस कापायचं दुकान, आणि प्रत्येक काचेतून एक माणूस त्याच्याबरोबर चालत होता. खांदे किंचित पुढे, पिशवी शरीरापासून लांब धरलेली, तिच्यात काही सांडणारं असल्यासारखी. इतकी वर्षं हा माणूस बरोबर चालत होता आणि आपली त्याच्याशी साधी ओळखसुद्धा नाही.

आपल्याला काही लकबी आहेत असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. लकबी असतात त्या दुसऱ्यांना. पाणीखात्याच्या तक्रारखिडकीत तो बसायचा, आणि खिडकीसमोर येणारी माणसं किती तऱ्हांची असतात हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? कुणी आधी घाम पुसतं मग ओरडतं, कुणी आधी ओरडतं मग घाम पुसतं. कुणी काचेवर बोटानं टकटक करून दाखवतं, नळातून थेंब कसा पडतो ते. पण खिडकीच्या आतल्या माणसाला ती माणसं बघत नसत. ‘ओ, खिडकी!’ अशीच हाक. एकदा एक म्हातारे गृहस्थ जाताना आपल्या बायकोला म्हणाले होते, “शेजारच्यापेक्षा ही खिडकी बरी आहे हो, ऐकून तरी घेते.” ते वाक्य त्यानं घरी सांगितलं नव्हतं. कचेरीतलं काहीच तो घरी सांगत नसे. पण ते त्याला मनातून फार आवडलं होतं. आपण एक बरी खिडकी आहोत. स्वच्छ काच, मागे काही नाही.

आणि शाळेत असतानाची गोष्ट. स्नेहसंमेलनातल्या नाटकात त्याला पहारेकऱ्याचं काम होतं. हातात पुठ्ठ्याचा भाला, तोंडाला वाक्य नाही, राजाच्या सिंहासनामागे पडदा पडेपर्यंत उभं राहायचं. राजा वाक्यं विसरला, प्रधानाची मिशी गळून पडली, हॉलमध्ये हशा पिकला, पण तो हलला नाही. त्याच्या नाकावर माशी बसली होती. घरी जाताना वडील म्हणाले होते, “चांगला उभा राहिलास. अजिबात हलला नाहीस.” वडील सहसा कुणाचं कौतुक करत नसत, त्यामुळे त्यानं ते वाक्य एखाद्या बक्षिसासारखं जपून ठेवलं होतं. न हलणारा माणूस. पुढे नोकरीत, लग्नात, भांडणांत, घर बदलताना तो मनाशी म्हणायचा, आपण उभे राहू, हलायचं नाही. आणि आता कळत होतं की तो सारखा हलत होता. बोटं, अंगठा, गळ्याचं बटण, सगळं हलत होतं आणि एक मुलगी जेवणाच्या टेबलापलीकडून ते सगळं उचलत होती.

त्या दिवशी जेवताना त्यानं हात मांडीवर ठेवले. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला तरी वर केला नाही. मग समोरची भाजी धूसर दिसायला लागली. खुर्चीत मागे सरकून पूर्ण बसला, तर पाठीला खुर्चीचं एक लाकूड टोचायला लागलं, जे आजवर त्याला माहीतच नव्हतं. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि माणसाच्या चेहऱ्याकडे बघून आत काय कमी आहे काय जास्त आहे हे ओळखायची सवय तिला घरीसुद्धा सुटत नसे. ती म्हणाली, “अरे, तुझं काही दुखतंय का?” “नाही.” “मग असा फोटो काढायला बसल्यासारखा का बसलायस?” खारूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेखाली त्याला घास गिळणंसुद्धा अवघड झालं. आपण घास गिळताना काय करतो? गिळतो म्हणजे नेमकं कसं?

सकाळी निघताना तो रोज जिना उतरून खाली जायचा आणि गॅस बंद केला की नाही हे बघायला परत वर यायचा. गॅस रोज बंदच असायचा. त्या सकाळी तो खाली उतरला, त्याचे पाय वळले, आणि त्यानं त्यांना वळू दिलं नाही. बसमध्ये बसला आणि गॅसचा वास यायला लागला. बसमध्ये. कचेरीतल्या खिडकीत बसल्यावर एक बाई तावातावानं सांगत होत्या, नळ उघडला की आधी नुसती हवा येते, फुस्स करून. त्या ‘फुस्स’नं त्याला पुन्हा गॅस आठवला. शेवटी न राहवून त्यानं बायकोला फोन लावला. तिनं पहिल्या झटक्यात विचारलं, “तू सकाळी परत का आला नाहीस?” “म्हणजे?” “म्हणजे काय, तू गॅस बघायला वर येतोस तेव्हाच मी तुझ्या हातात डबा देते ना! एरवी तू विसरतोस. मी दारात डबा घेऊन उभी, आणि तुझा पत्ता नाही.” मग ती म्हणाली, “गॅस बंद आहे. तू जेव काहीतरी बाहेर.” कोपऱ्यावरच्या दुकानातलं कोरडं सँडविच खाताना त्याच्या मनात आलं, आपल्या एका वेडेपणाच्या खुंटीला घरात कुणी काय काय टांगून ठेवलेलं असतं. खुंटी काढली तर ते सगळंच खाली पडायचं.

तरीही तो हट्टानं सरळ राहिला. फोन बसून घ्यायला लागला. ‘बघू’च्या ऐवजी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला लागला, आणि त्यातून दोन-तीन भलतीच कामं अंगावर घेऊन बसला. इमारतीच्या टाकीची सफाई, बायकोच्या मावसभावाचं सामान हलवणं. घरात एक नवा माणूस राहायला आल्यासारखं झालं, आणि त्याच्याशी कसं वागायचं हे कुणालाच कळेना. त्यालाही नाही. संध्याकाळी खारू टेबलापलीकडे बसून पुस्तकाच्या आडून बघायची, आणि मग वैतागल्यासारखी उठून जायची. तिला काय हवंय ते त्याला दिसत होतं. तो ते देत नव्हता. कुठेतरी, फार खोल नाही, त्याला त्याची थोडी मजासुद्धा वाटत होती. झडतीला आलेल्या माणसाला रिकामा खिसा दाखवावा तशी.

मग एका संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर परस्पर घरी आली ती पिशवी कोपऱ्यात भिरकावूनच. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. ती सरळ स्वयंपाकघरात आईकडे गेली. भिंत पातळ होती, आणि चिडली की खारूचा आवाज आपोआप रंगमंचावरचा व्हायचा. “ताई म्हणाल्या, मेलं ते. पहिल्या दिवशी जिवंत होतं, आता नुसतं पाठ केलेलं वाटतंय. म्हणाल्या, घरी जाऊन परत नीट बघ, नाहीतर तुझं आपण काढू, तू निवेदन कर. आई, मला निवेदन नकोय! ‘आणि आता आपल्यासमोर येत आहे’, शी!” बायकोनं विचारलं, “पण कशाचं काढणार? तू कुणाचं करतेयस?” “ते सीक्रेट आहे. घरातलं एक माणूस करायचंय सगळ्यांनी.” “घरात माणसं कितीशी आहेत, खारू?” मग खारू म्हणाली, आता आवाज रंगमंचावरचा नव्हता, अगदी बारीक झाला होता, “आई, बाबाला काही झालंय का? तो हल्ली बाबासारखा वागतच नाही. बोटं वाजवत नाही. फोन आला तर उठत नाही. काल मी मुद्दाम मैत्रिणीला फोन करायला लावला, तर बसून ‘हॅलो’ म्हणाला. त्याला काही आजारबिजार तर नाही ना? तुमच्या लॅबमध्ये काही आलंय का, जे तुम्ही मला सांगत नाही?”

पेपर त्याच्या हातात तसाच राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं, ती टेबलापलीकडून आपल्याला हेरत बसते. ती घाबरून बसत होती. एखाद्या सकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही की माणूस दचकून उठतो, तसं तिला झालं होतं, आणि आपण इकडे घड्याळ मुठीत दाबून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. त्यानं ठरवलं, तिला जे हवंय ते देऊन टाकायचं, हातचं न राखता. खारू समोर बसलीय असं बघून तो खुर्चीच्या कडेवर बसला, इतका कडेवर की जवळजवळ हवेतच. बोटं वाजवली, करंगळीपासून की अंगठ्यापासून हे आठवेना, म्हणून दोन्हीकडून वाजवली. खोकला. चष्मा वर सरकवला, तो आधीच वर होता. नशीब म्हणजे फोनही वाजला. तो स्प्रिंगसारखा उडाला, बटण चाचपताना बटणच तुटून हातात आलं, आणि पलीकडून मावसभाऊ कपाट कधी हलवायचं विचारत असताना हा म्हणाला, “बघू. बघू. बघू.” फोन ठेवून त्यानं पाहिलं, तर खारू डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघत होती. अगदी ताई बघाव्यात तशी.

“बाबा, तू काय करतोयस?”

“काय करतोय? फोन घेतला.”

“नाही. तू नाटक करतोयस. तू बाबाची नक्कल करतोयस.” ती उठून उभी राहिली. “आणि फार वाईट करतोयस.”

तो तुटलेल्या बटणाकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं आणि मग तिचे कान लाल झाले. “तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “तू बघितलंस. कधी बघितलंस?”

“त्या दिवशी. लवकर आलो होतो.”

“कुठपर्यंत?”

“फोन घेते तिथपर्यंत.”

ती मटकन खाली जमिनीवरच बसली आणि तिनं गुडघ्यांत तोंड घातलं. आतून आवाज आला, “राग आला?” राग आला नाही असं म्हणणं सोपं होतं, आणि बऱ्याच अंशी खरंही होतं. पण ती इतकं बारीक बघणारी मुलगी, तिला खोटं उत्तर दिलं तर तेही ती एक दिवस करून दाखवील. तो म्हणाला, “राग नाही. लाज वाटली. सगळे हसत होते ना.” “हसणारच ना, चांगलं झालं तर!” तिनं एकदम डोकं वर काढलं. “तो उंच मुलगा आहे ना आमच्यात, त्यानं त्याची आत्या केली, तर कुणी हसलंच नाही. घरी जाऊन रडला तो.” आणि पुन्हा आवाज खाली आणून, “पण तुला नको असेल तर मी काढून टाकते. खरंच. मी आईचं करीन.”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “माझं नाव काढलंस तर बघ!”

त्याला हसू आलं. हसू आल्यावर अंग सैल झालं, आणि बऱ्याच दिवसांनी आपण आपल्या कपड्यांत नीट बसलो आहोत असं त्याला वाटलं. “कर तू,” तो म्हणाला. “माझंच कर. फक्त एक सांग, ते खुर्चीवर अर्धंच बसणं. ते जरा जास्त नाही होत? मी काय खरंच तसा बसतो?” बायको हात पुसत दारात आली होती. दोघींनी नुसतं खाली पाहिलं, आणि मग त्यानंही पाहिलं. तो अर्ध्याच खुर्चीवर बसला होता. मागच्या अर्ध्या जागेत मांजर मावलं असतं. मग तिघंही असे हसले की बायकोला डोळ्यांना पदर नाही म्हणून हातातलं फडकं लावावं लागलं.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. खारूनं चोरून बघणं सोडून दिलं आणि उघड प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताई म्हणाल्या होत्या, माणूस काय करतो ते कळलं की तो ते का करतो ते शोधा. “अर्धा का बसतोस?” त्याचं उत्तर सोपं होतं, खिडकीत सारखं उठून मागच्या कपाटातली फाइल काढावी लागते, पूर्ण बसणं परवडत नाही. “बोटं?” ते ठाऊक नव्हतं. “फोन आला की उभा का राहतोस?” तेही ठाऊक नव्हतं, पण कचेरीत जाताना बसमध्ये ते अचानक आठवलं. तो लहान असताना घरात फोन नव्हता, खालच्या किराणा दुकानात होता. दुकानदार वर तोंड करून हाक मारायचा आणि वडील पायात चपला न घालताच धावत जायचे. दुकानात पोत्यांच्या मधे, सरळ उभे राहून, शर्टाचं वरचं बटण लावून ते फोनवर बोलायचे, पलीकडच्या माणसाला दिसत असल्यासारखे. तो त्यांचं बोट धरून शेजारी उभा असायचा. डाळीच्या पोत्याचा वास, आणि वडिलांच्या गळ्याशी ते बटण. म्हणजे फोन वाजला की आपल्या अंगात ते उठून उभे राहतात. आणि आता खारूच्याही. तिनं तर त्यांना पाहिलेलंही नाही. त्याला बसमध्ये एकदम गर्दी झाल्यासारखं वाटलं, पण ती गर्दी ओळखीची होती, आणि त्यानं सरकून थोडी जागा केली. संध्याकाळी त्यानं हे खारूला सांगितलं. तिनं स्वतःच्या गळ्याशी हात नेऊन पाहिला, मग म्हणाली, “म्हणजे बटणाला घाई करायची नाही. ओके.”

प्रयोग संध्याकाळी होता, त्याच हॉलमध्ये. घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, दोन चादरी जोडून पडदा केला होता आणि पडद्याखालून पोरांचे पाय इकडून तिकडे धावताना दिसत होते. घरातली माणसं घरातल्या माणसांना बघायला आली होती. आज कोण कुणाचं करणार हे कुणालाच नक्की माहीत नसल्यामुळे सगळेच जरा ताठ बसले होते, तो सोडून. त्याला आपण या कामात मुरलेले आहोत असं वाटत होतं. उंच मुलानं आत्या केली, आणि तिसऱ्या ओळीत बसलेली खरी आत्या इतक्या मोठ्यानं हसली की सगळा हॉल तिच्यामागे गेला. मग खारू आली. अंगात त्याचा जुना निळा शर्ट, बाह्या खाली. तिनं तो केला. अर्धी खुर्ची, बोटं, चष्मा, गॅससाठी पुन्हा वर येणं, आणि फोन. बटण सावकाश, एखाद्या देवळात शिरण्यापूर्वी करावं तसं. लोक हसत होते आणि तो त्यांच्याबरोबर हसत होता. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटत होतं, की मी आहे तो.

त्याला वाटलं, संपलं. पण खारू पडद्याआड गेली आणि दुसऱ्या बाजूनं परत आली. आता ती जिना चढत होती. जिना नव्हता, पण पायऱ्या मोजता आल्या असत्या इतक्या त्या जड होत्या. शर्ट एका बाजूनं बाहेर आलेला, खांदे पडलेले, चेहरा दिवसभर कुणीकुणी हाताळलेल्या नोटेसारखा. ती एका बंद दारापुढे येऊन उभी राहिली. बेल वाजवली नाही. पिशवी खाली ठेवली. तळहातानं कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा एकदा पुसला. काही बदललं नाही. पुन्हा पुसला. गाल फुगवले, सोडले. मग एक हसू करून पाहिलं. ते फार मोठं झालं. काढून टाकलं. त्याहून लहान करून पाहिलं, जरा डावीकडे सरकवलं, ते बसलं. शर्ट आत खोचला, पिशवी उचलली, आणि बोट वर नेलं. पडद्यामागून उंच मुलगा म्हणाला, “टिंग टाँग.” आणि दिवे गेले.

कुणी हसलं नाही. हे तर कुणालाच माहीत नव्हतं. त्या जागी कुणी नसतं. जिन्यात तो एकटा, समोर बंद दार. दिवसभराच्या शिव्या, टकटक, नळांतली हवा हे सगळं घरात जाऊ नये म्हणून तो तिथे थोडा थांबतो, बस. आणि मग त्याला दारातलं भिंग आठवलं, बाहेरून काळ्या ठिपक्यासारखं दिसणारं. खारू लहान असताना बेल वाजवायच्या आधीच कधीकधी आतून स्टूल ओढल्याचा आवाज यायचा. त्याला वाटे, ती कडीला हात पोचावा म्हणून चढते. पुढे स्टूलाचा आवाज बंद झाला, ती उंच झाली. म्हणजे इतकी वर्षं दाराच्या या बाजूला तो उभा राहून चेहरा बसवत होता आणि त्या बाजूला, हातभर अंतरावर, ती एक डोळा लावून उभी होती. दार उघडणं तिच्या हातात होतं. कधीही उघडू शकली असती. आणि त्याचं होईपर्यंत ती दर वेळी थांबली होती. बेल वाजल्यावरच ‘बाबा आला’ म्हणून ओरडली होती.

दिवे आले, टाळ्या सुरू झाल्या. बायकोनं त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. “तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं. “मला कसं माहीत असणार?” ती म्हणाली. “मला कधी दार उघडू दिलंय का तिनं?” पोरं वाकून नमस्कार करत होती. खारू मधेच मान वर करून त्याला शोधत होती. त्यानं हात वर केला, आणि मग आपण उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं. पुढे गर्दीत ताई भेटल्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिट्टी हातात धरून मोकळेपणानं म्हणाल्या, “अरे, तुम्ही तर अगदी हुबेहूब खारूसारखे आहात!”

दुसऱ्या दिवशी कचेरीत नेहमीसारखाच दिवस गेला, म्हणजे वाईट. संध्याकाळी तो जिना चढून दारापाशी आला. हात चेहऱ्याकडे गेला. त्या काळ्या ठिपक्याकडे बघून तो थांबला. मुद्दाम थकलेला चेहरा ठेवायचा तर तेही नाटकच. हसरा ठेवायचा तर आता तोंड कसं करायचं? शेवटी चेहऱ्याचं काय करायचं ते न ठरवताच त्यानं बेल वाजवली. दार लगेच उघडलं. खारू दारात होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि विचारलं, “काय झालं आज?” घरात असं कुणी विचारत नसे, विचारायला तो जागाच ठेवत नसे.

“एक माणूस आला होता,” चपला काढता काढता तो म्हणाला. “बाटली घेऊन. पिवळं पाणी. म्हणाला, हे तुमचं पाणी, प्या.”

“मग?” बायको आतून बाहेर आली.

“मग काय. मागे एवढी रांग. प्यायलो.”

“प्यायलास?” दोघी एकदम ओरडल्या.

“घोटभर. तर तो माणूसच घाबरला. म्हणाला, अहो थुंका, थुंका, त्यात माझ्या जावयानं विटांचं पाणी मिसळलंय, रंग नीट दिसावा म्हणून!”

खारू हसत जमिनीवर लोळली. मग उठून बसली, मांडी घातली, आणि म्हणाली, “असं नको सांगूस. करून दाखव. तो कसा आला?” मग त्यानं मधली खुर्ची बाजूला सरकवली, टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, पोट पुढे काढलं, नसलेल्या मिशीवर हात फिरवला आणि नसलेल्याच काचेवर बाटली आपटली. “हे बघा! हे काय आहे?”

“आवाज घशातून येतोय,” खारू म्हणाली. “पोटातून काढ. तो चिडलाय ना?”

“हे काय आहे!” तो असा गरजला की खिडकीचं तावदान हललं. मग पुन्हा गरजला, मजा वाटली म्हणून. दिवसभर लोक इतका आनंद घेत असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या बाई काळजीच्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. “सगळं ठीक आहे ना? आवाज आला म्हणून…”

“ठीक आहे हो,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तालीम चाललीय. या ना, बसा.”

शेजारच्या बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे, बाटलीकडे. मग चपला काढल्या, आत आल्या आणि खुर्ची ओढून नीट बसल्या. तो दोन पावलं मागे गेला आणि बाटली उंच धरून पहिल्यापासून सुरू केलं.